रंगवलेल्या डायलचं जुनं घड्याळ: आहे तसं ठेवावं, पुन्हा रंगवावं की मूळ डायल शोधावी?

जुन्या मनगटी घड्याळाची डायल कधीतरी पुन्हा रंगवलेली (म्हणजे 'रिडायल') आहे असं कळलं की ते दुरुस्त करून घ्यायचा उत्साह एकदम मावळतो. इतकं निराश व्हायचं कारण नाही, फक्त निर्णयाचा पाया बदलतो. रंगवण्यासाठी कारखान्याची छपाई आधी खरवडून काढलेली असते आणि ती परत येत नाही. म्हणून 'घड्याळ मूळ स्थितीत कसं आणायचं' हा प्रश्न निकालात निघतो. उरतात ते तीन रस्ते: आहे ती डायल ठेवून बाकीचं घड्याळ नीट करणं, चांगल्या कारागिराकडून ती पुन्हा रंगवून घेणं, किंवा त्याच मॉडेलची कारखान्यातून आलेली डायल मिळवून बसवणं. आमचा कल पहिल्याकडे आहे. मात्र काही घड्याळांत तो योग्य नसतो, आणि ती कोणती हे ओळखता यायला हवं.

रिडायल आहे, हे नक्की ना?

१० पट भिंग आणि तिरपा उजेड एवढं पुरेसं आहे. कारखान्यात अक्षरं पॅड प्रिंटिंगनं उमटतात. कोरलेल्या पत्र्यातली शाई मऊ गादी उचलते आणि डायलवर ठेवते. त्यामुळे रेषेची कड स्वच्छ असते, शाईचा थर सारखा असतो. सुमार रिडायलमध्ये अक्षरांचे पाय फुगलेले दिसतात, बारीक टोकं एकमेकांत मिसळतात आणि मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांच्या बरोबर मध्ये येत नाहीत. धातूच्या खुणा न काढता रंग फवारला असेल, तर त्यांच्या बुडाशी रंगाची बारीक झालर उरते. तारखेच्या खिडकीची उतरती कड रंगानं भरून बोथट होते. सेकंदाच्या छोट्या तबकडीत एकात एक कोरलेली बारीक वर्तुळं असतील, तर ती बुजलेली किंवा नाहीशी झालेली दिसतात.

मजकूरही तपासा. तळाशी 'टी स्विस टी' असं असेल, तर ती खूण ट्रिटियमची, म्हणजे चमकणाऱ्या रंगातल्या एका किरणोत्सर्गी पदार्थाची आहे. ट्रिटियमचा वापर १९६० च्या दशकात रुळला, तेव्हा १९४० च्या दशकातल्या केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या कवचात) ही खूण दिसली की डायल नंतरची किंवा रंगवलेली. जुन्या काळ्या 'गिल्ट' डायलींत सोनेरी अक्षरं छापलेली नसतात. काळ्या थरातून खालचं पितळ उघडं ठेवलेलं असतं, म्हणून अक्षरं पृष्ठभागापेक्षा किंचित खोल वाटतात. रिडायलमध्ये तीच अक्षरं काळ्यावर सोनेरी शाईनं छापलेली, उठावदार असतात. सेइकोच्या बऱ्याच डायलींच्या तळाशी यंत्राचा आणि डायलचा क्रमांक अगदी बारीक अक्षरांत असतो. तो गायब असेल किंवा आतल्या यंत्राशी जुळत नसेल, तर संशय घ्या.

डायलच्या कडेला असलेली खाच रिडायलची खूण मानली जाते, कारण रंगवणारे डायल साच्यात सरळ बसवण्यासाठी ती पाडतात. पण काही कारखान्यांच्या डायलींतही खाच असते. एवढ्यावरून निकाल देऊ नका.

डायलच्या आधी यंत्र

तिन्ही रस्त्यांत यंत्राची पूर्ण सर्व्हिस लागतेच, म्हणून ती तुलनेच्या बाहेर ठेवा आणि पहिली करा. यंत्राचा महत्त्वाचा भाग तुटलेला असेल आणि तो मिळणारच नसेल, तर डायलवरचा सगळा विचार वाया जातो.

सर्व्हिस म्हणजे यंत्र पूर्ण सुटं करणं, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) यंत्रात धुणं, प्रत्येक पिव्हट (चाकाच्या आसाचं बारीक टोक) भिंगाखाली तपासणं आणि ठिकाण पाहून वंगण देणं. जलद फिरणाऱ्या पिव्हटना मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ तेल, संथ आणि दाबाखालच्या भागांना डी ५ सारखं जाड तेल, ठोक्यागणिक चाक अडवून सोडणाऱ्या पॅलेटच्या खड्यांना ९४१५. पॅलेट फोर्कच्या (हे खडे धरणाऱ्या भागाच्या) पिव्हटना तेल देत नाहीत. ऑटोमॅटिक घड्याळात बॅरलच्या (स्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीला घट्ट धरणारं खास ग्रीस लागतं, नाहीतर स्प्रिंग भरण्याआधीच सरकते आणि घड्याळ रात्री बंद पडतं. जुनी निळी पोलादी मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) ताण गमावून बसलेली असते. त्याच रुंदी, जाडी आणि लांबीची नवी मिश्रधातूची स्प्रिंग घालणं हाच उपाय.

सर्व्हिसनंतर टाइमग्राफरचे (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मागून घ्या. पूर्ण चावी दिल्यावर डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाच्या झोक्याचा कोन) साधारण २७० ते ३०० अंश आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) ०.८ मिलिसेकंदाच्या आत असावा. तासाला १८,००० ठोक्यांच्या जुन्या यंत्रात २५० अंशही समाधानकारक मानतात. पूर्ण चावी असूनही २२० च्या खाली आकडा आला, तर झीज किंवा मळ राहिला आहे. अशा घड्याळाच्या डायलवर खर्च करू नका. लिफ्ट अँगल (टाइमग्राफरला द्यावा लागणारा, यंत्रागणिक वेगळा कोन) त्या यंत्राचा भरलेला आहे ना, हेही विचारा. तो चुकला तर ॲम्प्लिट्यूडचा आकडा फसवा येतो.

पहिला रस्ता: आहे तीच डायल

तीस-चाळीस वर्षांपूर्वीची रिडायल आता स्वतःच जुनी झालेली असते. तिच्यावर वयाची छटा चढलेली असते, आणि हातभर अंतरावरून ती बहुतेकांना ओळखूही येत नाही. ती ठेवली तर डायलचे पाय (तिला यंत्रात धरणाऱ्या मागच्या बारीक काड्या), खुणा आणि काटे यांतलं काहीच धोक्यात येत नाही. काम एवढंच: हवेच्या फुग्यानं धूळ उडवायची, रोडिकोचा (मळ उचलणाऱ्या चिकट पुटीचा) अगदी हलका स्पर्श करायचा आणि नवी ॲक्रिलिक काच बसवायची. ओरखडलेली काच बदलली की निम्मी डायल सुधारल्यासारखी वाटते. डायलबद्दल अंतिम मत नव्या काचेखाली पाहूनच बनवा.

पाणी, लिंबू, साबण, अमोनिया यांपैकी काहीही डायलला लावायचं नाही. रिडायलची शाई बरेचदा वार्निशच्या वर असते आणि ओल्या काडीच्या एका फेऱ्यात नाव पुसलं जातं.

या रस्त्याची मर्यादा उघड आहे. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, मूळ घड्याळात नव्हतं असं काही छापलेलं असेल, किंवा रंग पापुद्रे धरून सुटत असेल, तर तो चालत नाही. पापुद्रे विशेष वाईट, कारण सुटलेला कण काट्यांच्या खाली आणि तिथून चाकांत जातो.

दुसरा रस्ता: पुन्हा रंगवणं

यात सर्वांत जास्त गोष्टी बिघडू शकतात, आणि त्या डायल परत आल्यावरच दिसतात.

क्रम असा असतो. काटे काढतात, पायांना धरणारे स्क्रू सैल करून डायल उचलतात. धातूच्या खुणा मागून दाबून बाहेर काढतात. जुना रंग रसायनानं उतरवून पितळ उघडं करतात. हवा तसा ब्रश फिनिश देतात, मुलामा किंवा रंग देतात, वार्निश लावतात, छपाई करतात आणि खुणा परत बसवतात. पाय तुटलेला असेल तर तो रंगाच्या आधी डाखून घ्यावा लागतो. नंतर डाखला तर उष्णतेनं समोरचा रंग जळतो.

दुसऱ्यांदा रंगवताना मूळपण गमावण्याची भीती नसते, ते आधीच गेलेलं आहे. पण पत्र्याची भीती असते. पहिल्या वेळी घासलेला पत्रा आणखी घासला जातो, आणि उरलेसुरले उंचवटे बोथट होतात. ओमेगा कॉन्स्टेलेशनच्या 'पाय-पॅन' (मध्ये सपाट, कडेला घडी पडून उतरत्या) डायलचं सौंदर्य तिच्या घडीच्या धारदार कडांत आहे. घासून त्या गोल झाल्या की वरचा रंग कितीही उत्तम असो, डायल मेणाची वाटते. कोरीव नक्षीच्या डायलीचंही तेच. सपाट, छापील खुणांची डायल मात्र दुसरी रंगाई चांगली पेलते.

बाकीच्या चुका लहान वाटतात, पण घड्याळ बंद पाडतात. मधल्या भोकात रंग साचला की तासाचं चाक घासतं आणि ॲम्प्लिट्यूड पडतो. रंगाचा थर जाड झाला तर तासाचा काटा खुणांना टेकतो किंवा छोटा सेकंद काटा डायलला घासून अडकतो. खुणेचा पाय काढताना तुटला तर ती गोंदानं चिकटवतात, आणि काही वर्षांनी ती काचेखाली सुटी फिरते. काही ठिकाणी डायलचे पायच कापून ती चिकटपट्टीवर बसवतात. हे कधीही मान्य करू नका. डायल किंचित सरकली तरी तारीख खिडकीत वाकडी दिसते, आणि पुढे मूळ जागी बसवायचा आधार उरत नाही.

सगळा निकाल छपाईवर ठरतो. कारागीर तुमच्या मॉडेलसाठी नवी प्लेट कोरणार, की जवळपासची अक्षरं वापरणार, हे कामाआधी विचारा. त्याच मॉडेलच्या अस्सल डायलचा समोरून सरळ घेतलेला मोठा फोटो द्या आणि छपाईपूर्वी नमुना पाहायला मागा. आधीच्या कामांचे भिंगाखालचे फोटो दाखवायला जो नाखूश असेल, त्याच्या हाती डायल देऊ नये.

तिसरा रस्ता: कारखान्यातली दुसरी डायल

संग्रहाच्या दृष्टीनं हा सर्वांत समाधानाचा, आणि मिळायला सर्वांत कठीण. 'त्याच कंपनीची' डायल असणं पुरत नाही. यंत्राचा क्रमांक, पायांची जागा, व्यास ०.१ मिलिमीटरपर्यंत, मधल्या भोकाचं माप, तारखेची खिडकी, छोट्या सेकंदाची जागा हे सगळं जुळायला हवं. व्यास ०.३ मिलिमीटरनं मोठा असला तरी डायल केसमध्ये बसत नाही. मग कोणी ती कडेनं घासून बसवतो, आणि एक अस्सल डायल खराब होते.

मजकूरही केसशी आणि यंत्राशी सुसंगत हवा. 'ऑटोमॅटिक' लिहिलेली डायल चावीच्या यंत्रावर बसली तर घड्याळ रिडायलपेक्षा वाईट ठरतं. विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो घ्या. दोन्ही पाय सरळ आहेत, डाखल्याच्या खुणा नाहीत, हे त्यात दिसतं. शिवाय 'मूळ' म्हणून विकली जाणारी डायलही रंगवलेली असू शकते. वरची सगळी तपासणी तिलाही लावा. काट्यांचाही विचार आधीच करा. पिवळट जुन्या ल्यूमच्या (चमकणाऱ्या रंगाच्या) डायलवर पांढऱ्या नव्या ल्यूमचे काटे लगेच खटकतात.

चमकणारा रंग असेल तर

ही गोष्ट सुरक्षिततेची आहे. बऱ्याच जुन्या घड्याळांच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. त्यातला चमकणारा पदार्थ केव्हाच थकलेला असतो, म्हणून अंधारात काही दिसत नाही, पण किरणोत्सर्ग तसाच चालू असतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे ते बरंच सौम्य झालेलं असतं. डायल रंगवली म्हणजे रेडियम गेलं असं धरू नका. ते काट्यांत आणि केसच्या आत धुळीच्या रूपात राहतं. घरी केस उघडून ते खरवडणं, फुंकणं टाळा. श्वासावाटे गेलेला कण शरीरात राहतो. कामाला देताना कारागिराला हे आधी सांगा.

मग कोणाला काय

घड्याळ आजी-आजोबांचं असेल आणि त्यांच्या हातावर हीच डायल होती, तर ती ठेवा. ती त्या घड्याळाच्या आयुष्याचा भाग आहे. रोज वापरायला हवं आणि छपाई डोळ्याला खुपते, डायल सपाट आहे, पाय शाबूत आहेत, तर पुन्हा रंगवणं योग्य. दुर्मीळ मॉडेल, केस न घासलेली, यंत्र मूळ, अशा घड्याळासाठी डायलची वाट पाहावी, वर्ष लागलं तरी. तोवर सर्व्हिस करून तेच घाला. फक्त विकण्यासाठी मात्र डायलवर खर्च करू नका. नवी रिडायलही खरेदीदाराच्या लेखी रिडायलच असते, आणि विकताना ती आहे हे स्पष्ट सांगावंच लागतं.

कुठलाही रस्ता धरलात तरी केस पॉलिश करायला देताना हात आखडा. सोन्याच्या मुलाम्याच्या केसवर २० मायक्रॉन लिहिलेलं असेल तर ती जाडी ०.०२ मिलिमीटर आहे. लग्जच्या (पट्टा जोडणाऱ्या शिंगांच्या) टोकांवर एका जोरदार पॉलिशनं पितळ उघडं पडतं. कामाच्या पावतीवर लिहून घ्या: 'केस पॉलिश नको, डायलचे पाय कापू नयेत, काढलेले सगळे भाग परत'. जुनी काच, चावी, काटे, खुणा एका डबीत घड्याळासोबत ठेवा. पुढे अस्सल डायल मिळाली तर तेच काटे आणि चावी उपयोगी पडतात.