लॉकवाला पेनड्राइव्ह, सहा महिने वापरून

दिवाळीच्या आधी नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतला, ३२ जीबी, बाजूला नखाने सरकवायचा बारीकसा खटका. दुकानदार म्हणे, "भाऊ, हा लॉकवाला आता कोणी मागतच नाही, पडून आहे, घेऊन जा." पडून असलेल्या मालाचे साध्या पेनड्राइव्हच्या दुप्पट पैसे घेतले बाप्पा, ते वेगळं.

माझं काम घरोघरी जाऊन कॉम्प्युटर नीट करायचं. जुना पेनड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात लावला की व्हायरस लागून, सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होऊन परत यायचा आणि तोच मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे लावायचो, म्हणजे रोगही मीच वाटून राहिलो होतो आणि औषधाचे पैसेही मीच घेऊन राहिलो होतो. ते पूर्ण बंद झालं. खटका लॉकवर असला की पेनड्राइव्हच्या आतली चिपच लिहायला नाही म्हणते, मग समोर विंडोज असो, लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टम) असो की व्हायरस. डिस्कपार्टमधून (विंडोजमधली डिस्क सांभाळायची कमांड) जे रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, करतात ते तसं नाही, ते त्या मशीनच्या विंडोजने पाळायचं असते आणि अॅडमिनचा (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचा) हक्क मिळाला की कोणीही काढून टाकते.

कॅमेऱ्याच्या एसडी कार्डालाही असाच खटका असते, पण तो निव्वळ प्लास्टिकचा तुकडा, कार्डाच्या चिपला त्याचा पत्ताच नसते. कार्ड रीडरमधली एक पट्टी तो खटका कुठे आहे ते चाचपते आणि तसं कॉम्प्युटरला सांगते, बस. रीडर हलक्या प्रतीचा असला तर लॉक केलेल्या कार्डावरही बिनदिक्कत लिहिल्या जाते. आपण कॅसेटची मागची खिटी तोडायचो आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं असलं की त्या भोकावर सेलोटेप चिकटवायचो, अगदी तेच. तपासायचं काम टेपरेकॉर्डरचं, टेपला काय कळते.

आता तक्रार. अर्धी पेनड्राइव्हची आणि अर्धी माझीच.

पेनड्राइव्ह लावला की सिस्टम एकदा विचारते, तुझ्यावर लिहिता येते का? जे उत्तर येते ते धरून बसते. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे लॉक असताना लावला तर लॉगमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) स्वच्छ येते, राइट प्रोटेक्ट इज ऑन, म्हणजे लिहायला बंदी. मग लावलेलाच ठेवून मी खटका अनलॉकवर केला आणि रीमाउंट मारलं, म्हणजे सिस्टमला तो पुन्हा जोडायला सांगितलं, तर म्हणे डिव्हाइस राइट-प्रोटेक्टेड आहे. अर्धा तास डोकं खाजवलं. काही पेनड्राइव्ह खटका हलवला की स्वतःच डिस्कनेक्ट होऊन पुन्हा येतात, त्यामुळे सिस्टमला नव्याने विचारावंच लागते. हा तसा नाही, हा चूपचाप बसते. काढून परत लावला तेव्हा जमलं.

उलटं केलं तर जास्त वाईट. अनलॉक असताना लावला, लिनक्सवर एक मोठी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) कॉपीला टाकली आणि केबल सरकवता सरकवता अंगठा लागून खटका लॉकवर गेला. कॉपी शंभर टक्के झाली म्हणून दाखवलं! झालं काय की लिनक्स आधी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, भरून ठेवते आणि मागाहून पेनड्राइव्हवर उतरवते, आणि उतरवायच्या वेळी पेनड्राइव्हने दार लावून घेतलेलं. लॉगमध्ये आय-ओ एररचा (वाचण्या-लिहिण्यातल्या चुकांचा) पाऊस, फाइल अर्धवट. वरून फॅट (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत) माउंट होताना, म्हणजे सिस्टमला जोडल्या जाताना, त्यावर "मी वापरात आहे" अशी खूण लिहिल्या जाते आणि नीट काढताना ती पुसल्या जाते. लॉकमुळे ती पुसायलाही मिळाली नाही, म्हणून पुढच्या वेळी विंडोज लावल्याबरोबर स्कॅन अँड फिक्स करू का विचारत बसलं. विंडोजवर तोच प्रयोग मुद्दाम करून पाहिला, तर कॉपी मध्येच थांबून डिस्क राइट प्रोटेक्टेड असल्याचा मेसेज आला, म्हणजे निदान तोंडावर तरी सांगितलं.

म्हणून खटका लावायच्या आधी बघायचा, लावल्यावर हात नाही लावायचा, आणि बदलायचा असला तर इजेक्ट करून, काढून, मगच.

आणखी एक, कारण गिऱ्हाइकं हे नेहमी विचारतात. बिनखटक्याचा पेनड्राइव्ह अचानक रीड-ओन्ली झाला तर बहुतेक वेळा त्याची मेमरी थकलेली असते आणि चिपने स्वतःहून लिहिणं बंद केलेलं असते. व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) उपद्व्याप करू नका, वाचता येऊन राहिलं आहे तोवर डेटा काढून घ्या आणि तो फेकून द्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो खटक्यासाठी, लॉक कोणत्या बाजूला ते इतकं बारीक कोरलं आहे की चष्मा लावूनही दिसत नाही, शेवटी पोरीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. दुकानात अजून दोन पडून होते, कोणाला पाहिजे असला तर सांगजो, येत्या शनिवारी बर्डीवर जाऊनच राहिलो आहे.