बँडकॅम्पवर गाणी विकत घेताना: काय मिळतं, कुठे अडतं, आणि फुकट कधी चालतं

गाणी फुकट उतरवणाऱ्यांचं एक म्हणणं सारखं कानावर पडतं: विकत घ्यायची तयारी आहे, पण विकतं कोण? सीडीची दुकानं उरली नाहीत आणि ॲपवाले महिन्याचं भाडं घेतात. ही तक्रार खोटी नाही. स्ट्रीमिंग ॲपमधलं 'डाउनलोड' म्हणजे फाइल नव्हे. ते गाणं ॲपच्या आत कुलूपबंद असतं, वर्गणी संपली की गप्प होतं आणि ॲपच बंद पडलं तर त्याच्याबरोबर जातं. रेसो हे स्ट्रीमिंग ॲप भारतात ३१ जानेवारी २०२४ला बंद झालं, त्याच वर्षी विंक म्युझिकही गेलं. त्यांत साठवलेल्या गाण्यांची एकही फाइल ऐकणाऱ्याच्या हाती राहिली नाही.

बँडकॅम्पवर मात्र फाइल खरोखर आपली होते. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या बाजारपेठेत कलाकार किंवा छोटी लेबलं (संगीत काढणाऱ्या कंपन्या) स्वतःचा गाळा मांडतात आणि किंमत तीच ठरवतात. पैसे दिले की कुलूप नसलेली फाइल मिळते. ती कितीही यंत्रांवर कॉपी करा, कोणी विचारत नाही. त्यामुळे जे संगीत इथे आहे, त्याच्यापुरती तरी 'विकतं कोण' ही सबब संपते.

आधी पैशांचा हिशेब, कारण फुकट-विकतचा सगळा वाद तिथेच अडतो. डिजिटल विक्रीतून बँडकॅम्प १५ टक्के घेतं. कलाकाराची एकूण विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली की १० टक्के. कार्ड किंवा पेपालचा खर्च वेगळा. सगळं वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराकडे किंवा लेबलकडे जाते असं बँडकॅम्प सांगतं. म्हणजे ७ डॉलरच्या अल्बममागे पावणेसहा डॉलरच्या आसपास. हे पैसे बहुधा दोन दिवसांत पोचतात. दुसरीकडे स्पॉटिफायवर दर ऐकण्यामागे ठरलेला असा दरच नाही, आणि २०२४पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम मिळाले नाहीत त्याचे पैसेच धरले जात नाहीत. नव्या मराठी बँडच्या चाळीस चाहत्यांनी वर्षभर स्पॉटिफायवर एखादं गाणं वीस-वीस वेळा ऐकलं, तर बँडच्या हाती त्या गाण्याचं शून्य येतं. त्याच चाळीस जणांनी बँडकॅम्पवर अल्बम घेतला, तर स्टुडिओतल्या काही तासांचं भाडं तरी सुटतं. 'मी एकट्याने पैसे दिले नाहीत म्हणून काय बिघडलं' याचं उत्तर या आकड्यात आहे. छोट्या कलाकाराच्या बाबतीत एकटा माणूसही हिशेबात दिसतो.

भारतातून पैसे भरताना मात्र हमखास अडायला होतं. बँडकॅम्पवर यूपीआय नाही. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतं. म्हणून आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार' सुरू करा, मर्यादा हजार-दीड हजारावर ठेवा आणि खरेदी झाल्यावर परत बंद करा. परदेशी व्यवहारात ओटीपी येईलच असं नाही, म्हणून ही बंद करण्याची सवय महत्त्वाची. देशांतर्गत रुपे कार्ड चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. बँक वर साधारण २ ते ३.५ टक्के परकीय चलनाचा आकार लावते, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सात डॉलरवर हे पंधरा ते पंचवीस रुपयांच्या घरात जातं.

पेपालची गोम वेगळी आहे. १ एप्रिल २०२१पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा बंद केली. त्यामुळे पुण्यातल्या श्रोत्याने पुण्यातल्याच कलाकाराचा अल्बम पेपालने घ्यायचा म्हटला तर व्यवहार अडकू शकतो, आणि बर्लिनमधला मराठी माणूस तोच अल्बम सहज घेतो. अशा वेळी कार्डाने प्रयत्न करा. तरीही नाही जमलं तर कलाकाराच्या पानावरच्या संपर्काच्या बटणावरून लिहा आणि थेट यूपीआयने पैसे घेऊन फाइल पाठवाल का, असं विचारा. भारतीय ग्राहकांसाठी ही या सेवेची मोठी त्रुटी आहे.

खरेदीनंतर फाइलचा प्रकार निवडायचा असतो. एमपी३ ३२० (सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे केबीपीएस) आणि एमपी३ व्ही०, फ्लॅक, एएलएसी, एएसी, ऑग व्हॉर्बिस, वेव्ह, एआयएफएफ असे पर्याय आहेत. बहुतेकांनी फ्लॅक घ्यावं. त्यात सीडीच्या दर्जातलं काहीच गळत नाही आणि पुढे हवं तेव्हा त्यातून एमपी३ बनवता येतं. उलटा प्रवास होत नाही. जागेचा अंदाज: ४५ मिनिटांचा अल्बम ३२०च्या एमपी३मध्ये सुमारे ११० एमबी, वेव्हमध्ये पावणेपाचशे, आणि फ्लॅकमध्ये संगीताच्या दाटपणानुसार दोनशे ते तीनशे. वेव्हच्या वाटेला जाऊ नका. गाण्याचं नाव, कलाकार, मुखपृष्ठ ही माहिती त्यात धड टिकत नाही. आयफोनच्या स्वतःच्या म्युझिक ॲपला फ्लॅक चालत नाही, तिथे एएलएसी (फ्लॅकसारखाच काही न गाळणारा ॲपलचा प्रकार) घ्या. गाडीतल्या जुन्या स्टीरिओसाठी एमपी३ हवं आणि पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला हवा. देवनागरी नावांच्या जागी तिथे चौकोन दिसले तर फाइल बिघडलेली नाही, स्टीरिओकडे तो फाँट नाही. नावं रोमनमध्ये करून घ्या.

एक गैरसमज नेहमी होतो. बँडकॅम्पच्या फोन ॲपमध्ये 'ऑफलाइन' ठेवलेलं गाणं म्हणजे फाइल नाही, ती ॲपपुरती साठवण आहे. खरी फाइल ब्राउझरमधून आपल्या खात्याच्या संग्रहात जाऊन उतरवावी लागते. अल्बम झिप होऊन येतो. फोनवर जागा कमी असेल तर झिप आणि उलगडलेला अल्बम असं दोन्ही मावत नाही, उलगडणं मध्येच थांबतं आणि शेवटची दोन-तीन गाणी गायब दिसतात. संगणकावर उतरवून मग फोनवर टाकलेलं बरं. आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा. बँडकॅम्प २०२२मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओगेम कंपनीने घेतलं, २०२३मध्ये ते साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जवळजवळ निम्मे कर्मचारी कामावरून गेले. दुकान आज नीट चालतंय, पण आपला संग्रह कोणा दुकानाच्या भरवशावर सोडू नये.

आता फुकटाचा मुद्दा. बँडकॅम्पवर बरेच अल्बम 'किंमत तुम्ही ठरवा' या पद्धतीने असतात आणि खोक्यात शून्य लिहिता येतं. हे पूर्ण न्याय्य आहे, कारण देणाऱ्यानेच तशी मुभा दिली आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शून्य देऊन घेतलेला अल्बम खात्याच्या संग्रहात जमा होत नाही, म्हणजे फाइल हरवली की पुन्हा शोधाशोध. दुसरं, फुकट डाउनलोडचा कलाकाराला महिन्याला ठरावीक साठा मिळतो, साधारण २००चा. तो संपला की फुकट उतरवणं थांबतं. म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्या माणसाने शून्य लिहिलं, तर तो खरोखर अडचणीत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची जागा खातो.

याच्या शेजारी फुकट एमपी३ वाटणारी संकेतस्थळं ठेवून पाहिली तर नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवूनही ती घ्यावीशी वाटत नाहीत. तिथल्या '३२० केबीपीएस' या पाटीवर विश्वास ठेवू नका. बरीचशी गाणी यूट्यूबवरून खेचलेली असतात. यूट्यूबचा आवाज मुळातच १२८च्या आसपासच्या एएसीत किंवा फार तर १६०च्या ओपस या प्रकारात असतो. त्याचं ३२० केलं की फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी खराबी होते. झांजेचा आणि टाळाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, तानपुऱ्याची जवारी सपाट होते, गायिकेचा 'स' फसफसतो. खात्री करायची असेल तर आवाजाचा आलेख दाखवणारं स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात टाका. अस्सल ३२०चा आलेख २० किलोहर्ट्झच्या आसपास पोचतो. सरळ कात्रीने कापल्यासारखा १६ला संपला तर माल बनावट आहे. हा कस फक्त नव्या ध्वनिमुद्रणांना लावावा. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांत वरच्या पट्टीचा आवाज मुळातच नसतो, तिथे आलेख खाली संपला म्हणून कोणी फसवलं असं होत नाही. शिवाय ओपसमधून आलेली बनावट फाइलही २०पर्यंत जाते, म्हणून आलेख स्वच्छ दिसला तरी कानाने तपासा. आणि उतरलेल्या फाइलचं शेपूट .एमपी३ऐवजी .एपीके किंवा .ईएक्सई असेल तर ती न उघडता लगेच पुसा.

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची सूट देतं, पण कोणीतरी बेकायदा चढवलेला अख्खा अल्बम त्यात बसतो असं धरून चालू नका. टॉरेंटमध्ये तर उतरवणारा त्याच वेळी इतरांना वाटतही असतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

'पैसे कंपनीच्याच खिशात जातात, कवी-संगीतकाराला काय मिळतं' ही सबब जुन्या काळी खरी होती. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा असा बांधला की तो कंपनीला लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा हे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेलाच देता येतो. तेव्हा ही सबब आता सोडून द्यायला हवी.

बँडकॅम्पची आणखी एक मोठी मर्यादा आहे. मुंबई-पुण्यातले स्वतंत्र बँड, मेटल, इलेक्ट्रॉनिक, परदेशी लेबलांनी काढलेलं हिंदुस्थानी वाद्यसंगीत इथे सापडतं. मराठी चित्रपटगीतं, भावगीतं, नाट्यपदं जवळजवळ नाहीत. त्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे आहेत आणि त्या इथे गाळा मांडत नाहीत. जुनं नाट्यपद कोणी अनोळखी खात्यावरून विकताना दिसलं तर हक्क कोणाचे हे पानावर लिहिलंय का पाहा. नसेल तर पैसे देऊ नका.

पण नेमक्या याच भागात फुकट उतरवण्याला भक्कम आधार आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांचा हक्क ३१ डिसेंबर २०२४पर्यंत संपला, आणि दर १ जानेवारीला आणखी एक वर्ष मोकळं होतं. अब्दुल करीम खाँ, मास्टर दीनानाथ, बालगंधर्व, केसरबाई केरकर यांच्या त्या काळच्या तबकड्या या हिशेबात येतात, आणि इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर संग्राहकांनी चढवलेल्या अनेक सापडतात. परदेशातल्या मराठी वाचकांनी तिथला कायदा पाहावा; अमेरिकेची मुदत याहून बरीच लांब आहे.

इथे एक बारकावा चुकतो. मुद्रण मोकळं झालं म्हणजे शब्द आणि चाल मोकळी होत नाही. त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत. सुधीर फडके २००२मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. १९५८ची तबकडी घरी ऐकण्यासाठी उतरवली तर बिचकायचं कारण नाही, पण ती आपल्या व्हिडिओखाली वाजवली किंवा ते गीत नव्याने गाऊन विकलं तर परवानगी लागते.

कुठेच विक्रीला नसलेल्या कॅसेटी हा मधला प्रदेश. १९८०-९०च्या दशकांतल्या कितीतरी शाहिरी, भजनी आणि लोकगीतांच्या कॅसेटी पुन्हा निघाल्याच नाहीत, आणि फीत दर वर्षी झिजते आहे. कायदा इथेही 'नाही'च म्हणतो. तरी अशी कॅसेट कोणी डिजिटल करून ठेवली आणि कोणी ती ऐकण्यासाठी घेतली, तर त्यात कोणाची कमाई बुडत नाही आणि एक आवाज वाचतो, असं स्पष्ट मत इथे नोंदवतो. ती पुन्हा बाजारात आली की विकत घ्यावी, एवढी अट त्याला जोडलेली आहे. खासगी मैफलींच्या मुद्रणांना मात्र हा न्याय लावू नये. ती कधी प्रसिद्धच झालेली नसल्याने ६० वर्षांचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं, आणि गायकाने त्या चार भिंतींपुरतंच गायलेलं असू शकतं. तिथे घराण्यातल्या किंवा कुटुंबातल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

खरेदी करणार असाल तर 'बँडकॅम्प फ्रायडे' साधा. मार्च २०२०पासून ठरावीक महिन्यांतल्या शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी दुपारी साडेबाराला संपतो. त्यांच्या हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी उठून घेतलंत तर ते पैसे आदल्या दिवशीच्या हिशेबात जातात.