थेट बी.एस्सी. नर्सिंग की आधी जीएनएम, मग पोस्ट बेसिक?

नर्सिंगची पदवी घ्यायचीच हे ज्यांचं ठरलंय, त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक, चार वर्षांची थेट बी.एस्सी. दुसरी, तीन वर्षांची जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविका आणि तिच्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नागपुरातल्या बहुतेक महाविद्यालयांतून दोन्ही वाटांच्या शेवटी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच पदवी हातात पडते, म्हणून पालक म्हणतात, "शेवटी एकच ना?" पदवीपुरतं म्हणाल तर हो. मी थेट बी.एस्सी. केलं आणि आज कोणी विचारलं तर झुकतं माप तिकडेच टाकेन. पण ते सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

आधी पात्रता, कारण पुष्कळांचा निर्णय इथेच होऊन जातो. बी.एस्सी.साठी बारावी विज्ञान शाखेतून हवी आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तिघांचे मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के, म्हणजे 120. इंग्रजीत वेगळं पास असावं लागतं. घोटाळा होतो तो एकूण टक्केवारी धरण्यात. मराठी, गणित, पर्यावरण मिळून 58 टक्के दिसतात, आणि तीन विषयांची बेरीज मात्र 131 भरते. गुणपत्रिका हातात आल्याबरोबर ही बेरीज करून बघा. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण असावी लागतात. सीईटीची अटही आहेच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घ्यायची असेल तर प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की तो दरवाजा बहुधा बंद होतो. जीएनएमला कोणतीही शाखा चालते, इंग्रजीसह बारावी आणि 40 टक्के पुरतात. कला-वाणिज्यवाल्यांना तर हीच एक वाट आहे, त्यांनी तुलनेत वेळ घालवू नये.

काळाचा हिशेब वरवर पाहिला तर चार विरुद्ध पाच वर्षं. एम.एस्सी.पर्यंत जायचं असेल तर तो असा पडतो: एम.एस्सी.ला पदवीत किमान 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. थेट बी.एस्सी.वाल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरतात. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. म्हणजे जीएनएमनंतर वर्षभर वॉर्डात काम करून पोस्ट बेसिकला गेलेली मुलगी निकाल लागला की एम.एस्सी.चा अर्ज भरू शकते. एकीकडे पाच, दुसरीकडे सहा वर्षं. फरक एकाच वर्षाचा, आणि तिच्या बाजूला मधल्या वर्षाचा पगार. हा मुद्दा जीएनएमच्या बाजूचा आहे आणि तो मी नाकारत नाही.

अभ्यासात दोन्हीकडे खाचखळगे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या जागी आहेत. बी.एस्सी. आता आठ सेमिस्टरची आहे. पहिल्या सेमिस्टरपासून शरीररचना, शरीरक्रिया आणि नर्सिंग फाउंडेशन अंगावर येतात. फार्माकॉलॉजी आणि पॅथॉलॉजी तिसऱ्या-चौथ्यात विभागलेलं. विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसण्याआधी मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं. तिथे साचलेले दोन-तीन बॅकलॉग एकदम आडवे येतात. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत स्वतंत्रपणे 50 टक्के लागतात, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. सगळा अभ्यासक्रम पुरा करायची मुदत आठ वर्षांची.

हजेरीचं गणितही नीट समजून घ्या. परीक्षेला बसण्यापुरती थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के चालते, पण पदवी मिळायला क्लिनिकलचे तास प्रत्येक विभागात पूर्ण 100 टक्के भरावे लागतात. सर्जिकलमधले जास्तीचे दिवस मानसोपचारात धरत नाहीत. कावीळ झाली, बहिणीचं लग्न निघालं, तर ते दिवस सुट्टीत भरून काढायचे. सर्वांत जास्त अडकतात ते मानसोपचार आणि प्रसूती विभागात, कारण तिथे पोस्टिंगच्या जागा थोड्या आणि शहरातल्या किती तरी महाविद्यालयांची मुलं रांगेत. एकदा गेलेली पाळी लवकर परत येत नाही. केस बुकवर, म्हणजे हाताळलेल्या रुग्णांच्या नोंदवहीवर, सही त्याच दिवशी घ्यावी. इंचार्ज सिस्टरची बदली झाली की महिन्यापूर्वीच्या केसवर सही करायला कोणी तयार नसतं.

पोस्ट बेसिकमधला खड्डा पहिल्याच वर्षी लागतो: बायोकेमिस्ट्री आणि बायोफिजिक्स. बारावी कलेतून केलेल्या, चार वर्षं उत्तम ड्युटी करणाऱ्या सिस्टर इथे अडखळतात. एरवी मेडिकल-सर्जिकल किंवा माता-बालक हे विषय त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. दुसऱ्या वर्षी नर्सिंग शिक्षण, प्रशासन, संशोधन आणि सांख्यिकी. पुढे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी, व्हायचं असेल तर हे वर्ष मन लावून करावं.

हाताला वळण कुठे चांगलं बसतं? जीएनएमच्या बाजूने हा युक्तिवाद नेहमी होतो. वॉर्डात जे दिसतं त्यावरून सांगायचं तर नवी जीएनएम पहिल्या सहा महिन्यांत आयव्ही लावणं, कॅथेटर, हँडओव्हर यांत जास्त मोकळी असते. नवी बी.एस्सी. औषधाचा डोस काढताना आणि रिपोर्ट वाचताना जास्त सावध. वर्षभरात दोघींत फरक ओळखू येत नाही. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. रुग्णालयात गर्दी किती आणि शिकवणारी इंचार्ज कोण, यावर अभ्यासक्रमापेक्षा जास्त ठरतं.

आता माझ्या दृष्टीने काटा कलवणारी गोष्ट. ती कागदांची आहे आणि ऐकायला क्षुल्लक वाटते. जीएनएमची परीक्षा घेतं महाराष्ट्राचं नर्सिंग व पॅरावैद्यकीय शिक्षण मंडळ, पदवी देतं विद्यापीठ, आणि नोंदणी करते महाराष्ट्र परिचर्या परिषद. पोस्ट बेसिकला प्रवेश हवा तर नुसता जीएनएमचा निकाल चालत नाही, परिषदेची आरएन-आरएम (नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका) नोंदणी हातात लागते. क्रम असा: निकाल, मंडळाचं प्रमाणपत्र, परिषदेकडे अर्ज, नोंदणी, आणि मग पोस्ट बेसिकचा फॉर्म. प्रवेश वर्षातून एकदाच. यातली एक पायरी पंधरा दिवस लांबली आणि तेवढ्यात प्रवेशाची तारीख निघून गेली, की वर्ष गेलं. हुशार मुलींचीही अशी वर्षं जातात, आणि त्यात त्यांची चूक काडीचीही नसते.

बरं, हे एवढ्यावर संपत नाही. मधे लग्न झालं आणि नाव बदललं, तर बारावीची गुणपत्रिका एका नावाची, नोंदणी दुसऱ्या नावाची, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. मग राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, विद्यापीठाची पात्रता तपासणी. पोस्ट बेसिक झालं की परिषदेकडे वाढीव पात्रतेची नोंद पुन्हा वेगळी. पुढे आखाती देशात जायचं ठरलं, तर पडताळणीवाले मूळ नर्सिंग शिक्षण जिथे झालं तिथूनच खातरजमा मागतात; अमेरिकेसाठी विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास मूळ संस्थेने लिहून द्यावे लागतात. पोस्ट बेसिकची पदवी मूळ शिक्षणाची जागा घेत नाही. म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा जीएनएमच्या शाळेचं दार ठोठवायचं, आणि ती शाळा तोवर बंद पडलेली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली नसावी अशी आशा करायची. थेट बी.एस्सी.त हे सगळं एका विद्यापीठात आणि एका महाविद्यालयात मिटतं. मला हे फार मोठं वाटतं. ज्यांना विदर्भाबाहेर जायचंच नाही त्यांना कदाचित वाटणार नाही.

नोकरीच्या बाजूने राज्याच्या रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससारख्या ठिकाणी फरक पडतो. नॉरसेटला, म्हणजे एम्सच्या नर्सिंग भरतीच्या सामायिक परीक्षेला, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक असेल तर अनुभव मागत नाहीत. नुसती जीएनएम असेल तर किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव हवा. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयातली ड्युटी कितीही कष्टाची असली तरी इथे मोजत नाहीत. वयाची मर्यादा 30 असल्याने हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं.

मग जीएनएम कोणी करावी? भौतिक-रसायन-जीवशास्त्रात 135 भरत नाहीत त्यांनी. घरी तीन वर्षांनी पगार यायलाच हवा असेल त्यांनी. कॅपमध्ये जागा मिळत नाही आणि कोट्याची फी झेपत नाही त्यांनीही. कर्ज काढून कोट्यातून बी.एस्सी. करण्यापेक्षा चांगल्या सरकारी शाळेतली जीएनएम मला शहाणपणाची वाटते. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचा तीन वर्षांचा पोस्ट बेसिक आहे, त्याला नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव आणि नोकरीत असणं लागतं. साधा पोस्ट बेसिक पूर्णवेळ असतो. नाइट ड्युटी करून दिवसा वर्ग करू, असं ठरवणाऱ्यांची हजेरी पहिल्या तीन महिन्यांतच 80च्या खाली येते.

या वाटेने गेलात तर काही कामं वेळीच उरका. जीएनएमच्या शेवटच्या वर्षीच बारावी, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरची नावं अक्षरशः जुळवून घ्या. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ते नव्याने काढा. निकाल लागला की नोंदणीचा अर्ज त्याच आठवड्यात करा. आणि शाळा सोडताना प्रत्येक विषयाच्या तासांचा उतारा सही-शिक्क्यासह दोन प्रतींत मागून घ्या. त्या वेळी लिपिक ओळखीचा असतो आणि रजिस्टर कपाटात समोरच असतं.