जुन्या सेसना १७२ ला ओरिजिनल पार्ट की नवा?
साठच्या दशकातलं सेसना १७२ हे छोटं विमान, दाराचं आतलं हँडल ढिलं झालंय, सीटच्या रुळांची भोकं झिजलीत, मग भंगारात गेलेल्या विमानाचे ओरिजिनल पार्ट घ्यायचे की नवे, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) मंजुरीचे? हँडल मी जुनंच घेईन, बरोब्बर बसतं आणि केबिनचा मूळ चेहरा टिकतो, फक्त आतले दाते झिजलेले नाहीत ना ते बघा. रूळ मात्र जुने अजिबात नकोत! सीट जागेवर अडकवणारी पिन भोकातून निसटली की टेकऑफला सीट मागे सरकते, पायलट आधारासाठी योक (विमान चालवायचा दांडा) ओढतो आणि विमानाचं नाक वर जातं, असे जीवघेणे अपघात झालेत, म्हणून तर एफएएच्या २०११ च्या आदेशाने अमेरिकेत रुळांची दर १०० उड्डाण-तासांनी किंवा १२ महिन्यांनी तपासणी सक्तीची आहे. प्लास्टिक ट्रिमही (केबिनच्या आतलं आवरण) नवीच, जुनी उन्हाने कडक होऊन काढतानाच तडकते.