जांभ्याच्या भिंतीतील लोखंडी चौकट बदलण्याचे काम : रत्नागिरीतील एका फॅब्रिकेटरच्या सेवेचा अभिप्राय

आमच्या घराच्या मागील पडवीच्या दाराला लोखंडी अँगलची जुनी चौकट होती. खारी हवा आणि पागोळ्यांचे उडणारे पाणी यांमुळे ती दोन्ही बाजूंनी खाली, जमिनीलगत, पूर्ण सडली होती. लोखंड गंजले की मूळ आकारापेक्षा बरेच फुगते. त्या दाबाने चौकटीलगतचा गिलावा सुटला होता आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या दगडाच्या, कडाही ढासळू लागल्या होत्या. वरून पट्टी वेल्ड करून देण्यास दोघे जण तयार होते, पण चौकट मुळापासून बदलावी लागेल असे स्पष्ट सांगणाऱ्या फॅब्रिकेटरलाच आम्ही काम दिले आणि तो निर्णय योग्य ठरला.

या मंडळींची खरी हुशारी जुनी चौकट काढताना दिसली. जांभा सच्छिद्र असतो, घणाचे ठोके बसले की त्याचे कोपरे सहज उडतात, हे ओळखून त्यांनी घण हातात घेतलाच नाही. आधी चौकटीवरचा गिलावा खरवडून लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर पुरेशी टेकली आहे आणि चौकटीवर भार नाही, याची खात्री करून घेतली. त्यानंतर ग्राइंडरने दोन्ही उभे खांब मधोमध कापून ते आतल्या बाजूला ओढून काढले. भिंतीत रुतलेले होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, उपटण्याऐवजी त्यांच्या भोवतीचा मसाला छिन्नीने मोकळा करून मगच बाहेर घेतले. चिऱ्याची लाल धूळ घरभर जाईल म्हणून आतल्या दारांवर ओले कापड लावले होते, तरीही साफसफाई बरीच करावी लागली.

नवी चौकट १६ गेजच्या, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या जस्तलेपित पत्र्याची आहे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावण्याचा आग्रह त्यांनी स्वतःच धरला. पोकळ चौकटीच्या आतून डांबरी रंग दिला, प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट जोडले आणि पोकळीत सिमेंटचा मसाला घट्ट भरला. मसाला ठासताना पत्रा आत वाकू नये यासाठी मध्ये लाकडी आडव्या दांड्या दिल्या होत्या. ओळंबा दोन्ही अंगांनी पाहिला आणि दोन्ही कर्णांची मापे समान आल्यावरच होल्डफास्ट पक्के केले. दार नंतर घासत असेल, तर दोष बहुतेक वेळा दाराचा नसून याच टप्प्यावरच्या घाईचा असतो, असे माझे मत आहे.

दार लगेच न बसवता आठवडाभर मसाल्याला पाणी देऊ दिले, त्यामुळे बिजागऱ्यांवर भार पडूनही चौकट जागची हललेली नाही. दाराखाली थोडी फट ठेवली असून बाहेरच्या कडेला उतार दिला आहे. पावसाचे पाणी चौकटीच्या पायाशी साचत नाही.

दर इतरांपेक्षा चढा होता, परंतु त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अंदाजपत्रकाची. गिलावा पूर्ववत करणे आणि रंग देणे त्यात धरलेले नव्हते, आणि ते काम सुरू झाल्यावर कळले. त्यासाठी गवंडी वेगळा बोलवावा लागला. काम देण्यापूर्वी या दोन बाबी, तसेच जुन्या चौकटीच्या भंगाराचे पैसे कोणाकडे जाणार हेही, लिहून घ्यावे.