शेडनेट, साधं पॉलीहाऊस की फॅन-पॅड? खानदेशाच्या उन्हात काय परवडतं

पुण्याजवळच्या तळेगावकडची पॉलीहाऊसं बघून आलेला माणूस तसंच आपल्या वावरात उभं करायला निघतो. पण आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, हे तिथल्या गारव्यात आठवत नाही.

साधं, म्हणजे पंखे नसलेलं पॉलीहाऊस. २०० मायक्रॉन जाडीचा पेपर, म्हणजे छताचा प्लास्टिक कागद, ऊन आत घेतो आणि तापलेली हवा वरच्या झरोक्यातून निघून जावी, असा हिशेब. मी झाडाच्या उंचीला थर्मामीटर टांगून पाहिलं: बाहेर ४३, आत ४८. ढोबळी मिरचीची फुलं पटापट गळाली. झरोक्याला ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीड अडवणारी जाळी असली की हवा आणखी अडते. त्यात माझ्या ठेकेदाराने झरोक्याचं तोंड पश्चिमेला ठेवलं होतं. उन्हाळ्यात आपला वारा तिकडूनच येतो. मेअखेरच्या वादळाने पेपर फुग्यासारखा फुगला आणि फाटला. तोंड पूर्वेला असतं तर त्याच वाऱ्याने आतली गरम हवा ओढून नेली असती.

फॅन-पॅड म्हणजे एका भिंतीला पाण्याने ओले ठेवलेले पॅड आणि समोरच्या भिंतीला हवा ओढणारे पंखे. त्याला आपला कोरडा उन्हाळा मात्र मानवतो. हवा जितकी कोरडी, तितकं ओल्या पॅडमधून येताना ती जास्त गार होते. बाहेर ४४ असताना पॅडजवळ ३० च्या आत मिळतं, पंख्याकडे जाईपर्यंत तीन-चार अंश वाढतात. म्हणून पॅड ते पंखा अंतर ३०-४० मीटरच्या आत हवं. पावसाळ्यात हवा दमट झाली की दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडत नाही. आणि पाणी? दहा गुंठ्यांना भर उन्हाळ्यात दिवसाला हजारो लिटर नुसतं उडून जातं, पिकाचं वेगळंच. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षाराचा पांढरा थर बसतो, नखाने खरवडला तर पापडासारखा निघतो. लाईट गेली तर भर दुपारी पंधरा मिनिटांत रोपं माना टाकतात. जनरेटर नसेल तर या वाटेला जाऊच नका.

शेडनेट सगळ्यांत स्वस्त. ५० टक्के सावलीची जाळी ऊन अर्धं करते, वारा खेळता राहतो, वादळात पेपरइतकी फाटत नाही. पाऊस मात्र थेट आत येतो, काकडीवर केवडा रोग आलाच म्हणून समजा.

मला विचाराल तर भाजी करणाऱ्याने शेडनेट घ्यावं, वरून फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं उडवणारे नोझल. साधं पॉलीहाऊस ऑगस्ट ते फेब्रुवारी एवढंच पीक धरणाऱ्याला चालेल, मार्चपासून ते रिकामंच ठेवायचं. फॅन-पॅड फक्त केळीची टिश्यूकल्चर रोपवाटिका करणाऱ्याला. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची, प्रयोगशाळेत वाढवून बाटलीतून काढलेली रोपं सुरुवातीचे काही आठवडे दमट, गार हवेशिवाय तगत नाहीत, नंतर ती शेडनेटमध्येच हलवायची असतात. म्हणजे तिथेही फॅन-पॅड लहानच पुरतं.

काहीही ठरवा, अनुदानाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय पायाचे खड्डे खोदू नका, आणि त्याआधी विहिरीच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत देऊन या.