क्लेमेंट निघाला तर रुसू नका

‘तुम्ही कोणते विज्ञानकथाकार?’ छापाच्या ऑनलाइन चाचण्या आता पैशाला पासरी झाल्यात. दहा-बारा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी एक नाव. पाच मिनिटांचं काम. चाचणी बरी की टुकार, ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच कळतं. ‘यंत्रमानवांवर विश्वास आहे का?’ असं थेट विचारलं, की ‘हो’ म्हणणाऱ्याच्या पदरात यंत्रमानवांच्या कथा लिहिणारा आसिमोव्ह पडणार हे ठरलेलं. चांगला प्रश्न आडून येतो: अनोळखी शहरात उतरल्यावर आधी काय शोधता, नकाशा, माणसं, की परतीची गाडी?

आतला हिशेब साधा असतो. प्रत्येक पर्याय एक-दोन लेखकांच्या खात्यात गुण टाकतो. ज्याची बेरीज जास्त, तो तुमचा. दहा प्रश्नांना चार-चार पर्याय म्हणजे उत्तरांच्या १०,४८,५७६ जुळण्या, आणि नावं जेमतेम बारा! ४० पर्यायांपैकी आठ एकाच लेखकाच्या खात्यात जात असतील, तर डोळे मिटून क्लिक केलं तरी बहुधा तोच निघेल. म्हणून उत्तरं कागदावर टिपून ठेवा आणि एकच उत्तर बदलून पुन्हा सोडवा. तेवढ्याने नाव फिरलं, तर पहिला निकाल काठावरचा होता. पाच-सहा उत्तरं बदलूनही नाव हलत नसेल, तर गुणांची वाटणीच लंगडी आहे. निकाल दाखवायच्या आधी ईमेल मागणारी चाचणी तिथेच बंद करावी.

निकालाखालचा मजकूर नीट वाचा, चाचणी करणाऱ्याचं वाचन तिथे उघडं पडतं. हॅल क्लेमेंट निघाला की लोक नाक मुरडतात. हा शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. त्याच्या कादंबरीतला मेस्क्लिन हा काल्पनिक ग्रह १८ मिनिटांच्या आत एक गिरकी घेतो, त्यामुळे चपटा झालेला. विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांवर शेकडो पट. आधी गणित, मग गोष्ट. ‘तुम्हाला विज्ञान आवडतं’ एवढ्यावर क्लेमेंटची बोळवण केली असेल, तर गुण कापा. जेम्स टिपट्री ज्युनियरच्या वर्णनात ‘हा लेखक’ दिसला तर आणखी कापा: ते अ‍ॅलिस शेल्डन या बाईंचं टोपणनाव, आणि सुमारे दहा वर्षं वाचक त्यांना पुरुषच समजत होते.

एकूण प्रकाराला पाचपैकी तीन. अर्धा गुण यादीसाठी गेला, कारण तीत इंग्रजीबाहेरचं कुणी सहसा नसतंच. नारळीकर तर टिपट्रीच्या शेजारी शोभले असते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती.